हवा मानवण्याचे दिवस : किलिमांजारोच्या आरोहणाची आखणी

मराठी व्याकरणाच्या अभ्यासकाला ‘मानवणे’ हे क्रियापद परिचयाचे आहे. ‘मला येथील हवा मानवली’ असे आपण म्हणतो. ‘मी येथील हवा मानवली’ असे कोणी म्हणत नाही. हवा कर्त्याच्या स्थानी असते आणि माणूस चतुर्थीत जातो. म्हणजे ही क्रिया माणसाच्या इच्छेने किंवा कष्टाने होत नाही. ती त्याच्या बाबतीत घडून यावी लागते, आणि घडून येण्यास काही काळ जावा लागतो. शास्त्रीय लेखनात या ठिकाणी ‘अनुकूलन’ हा शब्द योजतात. तो चांगला आहे. पण ‘अनुकूलन करणे’ असा प्रयोग एकदा रूढ झाला की सूत्रे पुन्हा माणसाच्या हाती आली असा भास होतो. उंच पर्वतावरील अनेक दिवसांच्या चढाईची आखणी करणारे लोक जी मोठी चूक करतात ती याच भासातून उद्भवते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आफ्रिकेतील किलिमांजारो या पर्वताच्या उदाहरणाने ते येथे स्पष्ट करावयाचे आहे.

हेच उदाहरण घेण्यास कारण आहे. टांझानियाच्या ईशान्य भागातील हा पर्वत समुद्रसपाटीपासून ५,८९५ मीटर उंच असून आफ्रिका खंडात त्याहून उंच स्थान नाही. शिरा, मावेन्झी आणि किबो ही त्याची तीन ज्वालामुखी शिखरे. त्यांपैकी किबोच्या मुखाच्या कडेवर सर्वोच्च बिंदू आहे. नेहमीच्या वाटांनी जाणाऱ्यास दोर वा हिमकुदळ यांची विद्या लागत नाही. पायांनी चालतच वर जाता येते. परवानाधारक वाटाड्याशिवाय मात्र कोणासही जाऊ देत नाहीत. वाट शोधावयाची नाही, कडे चढावयाचे नाहीत, ओझे बहुतांशी दुसऱ्याने वाहावयाचे. मग आखावयाचे शिल्लक राहते काय? राहतात ते दिवस.

शिखरावर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या जवळजवळ निम्मा असतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच राहते, परंतु दाब उणावल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू उणावतो. शरीर यास उत्तर देते ते टप्प्याटप्प्याने. पहिल्या काही तासांतच श्वसन वाढते. त्यामुळे कर्बवायू अधिक बाहेर टाकला जाऊन रक्ताची क्षारता वाढते व ती श्वसनाला पुन्हा आवर घालू पाहते. मूत्रपिंडे जादा क्षार बाहेर टाकून हा अडसर दूर करतात. त्यास काही दिवस लागतात. रक्तातील तांबड्या पेशी वाढणे ही तर आठवड्यांची गोष्ट; सात-आठ दिवसांच्या प्रवासात तिचा उपयोग फारसा नाही. तेव्हा पर्वतावरचे दिवस आपण खर्च करतो ते मुख्यतः मूत्रपिंडांसाठी, असे म्हटले तर ते हास्यास्पद वाटेल. पण ते खरे आहे.

येथे आपल्याकडील गिरिप्रेमी मंडळींचा एक गैरसमज नोंदवणे भाग आहे. जाण्यापूर्वी सहा महिने दर रविवारी कळसूबाई किंवा हरिश्चंद्रगड चढला म्हणजे तयारी झाली, असे ते समजतात. पायांची तयारी खरोखरच होते, आणि उतरताना गुडघे त्याबद्दल आभार मानतात. पण कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटर आहे. किलिमांजारोवरील पुष्कळशा वाटा याहून उंच ठिकाणी सुरू होतात. दणकट प्रकृतीच्या माणसाला विरळ हवेचा त्रास कमी होतो असेही नाही. तो भरभर चढू शकतो म्हणून उलट लवकर अडचणीत येतो.

या विषयातील वैद्यांनी घालून दिलेला सर्वसाधारण दंडक असा : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. दिवसा कितीही वर जाऊन यावे. मोजावयाची ती निजण्याची उंची. आता हा दंडक किलिमांजारोच्या दोन प्रसिद्ध वाटांना लावून पाहू. (निरनिराळ्या नकाशांत मुक्कामांच्या उंचीत काही मीटरांचा फरक आढळतो, येथील आकडे स्थूलमानाचे आहेत.)

मरांगूची वाट जुनी आणि सोयीची. तिच्यावर झोपण्यासाठी लाकडी निवारे आहेत. पहिली रात्र मांडारा येथे २,७०० मीटरवर, दुसरी होरोंबो येथे ३,७०० वर, तिसरी किबो निवाऱ्यात ४,७०० वर आणि त्याच मध्यरात्री शिखराकडे प्रस्थान : असा पाच दिवसांचा कार्यक्रम पुष्कळदा विकला जातो. प्रत्येक रात्री हजार मीटरची उडी, म्हणजे दंडकाच्या दुप्पट. होरोंबोला एक रात्र अधिक काढून सहा दिवस केले तर सरासरी थोडी सुधारते. माचामेच्या वाटेवर तंबूत राहावे लागते व चढउतार अधिक आहेत. तरी तिची रचना शहाणपणाची आहे. दुसऱ्या रात्री शिरा पठारावर ३,८०० मीटरवर निजावयाचे. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवर या ४,६०० मीटर उंचीच्या खडकापर्यंत चढून संध्याकाळी बरांको येथे ३,९५० वर उतरावयाचे. दिवसभराच्या श्रमाने मुक्काम अवघा दीडशे मीटर वर सरकला, हे पाहून नवखा मनुष्य चडफडतो. त्याला सांगावयाचे की आजचा दिवस सर्वांत अधिक कारणी लागला. चौथी रात्र करांगा येथे सुमारे ४,००० वर, पाचवी बराफु येथे ४,६५० वर, मग शिखर आणि उतरण. हे सात दिवस झाले. सहा दिवसांच्या कार्यक्रमात करांगाची रात्र गाळून बरांकोहून थेट बराफु गाठतात. ती गाळलेली रात्र हाच या लेखाचा खरा विषय आहे.

ती का गाळतात, हे समजणे कठीण नाही. राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क दिवसागणिक आकारले जाते. दिवस वाढला की शुल्क, अन्न, मजुरी ही सारी वाढतात. प्रवासी दोन पत्रके शेजारी ठेवून स्वस्त पत्रक उचलतो आणि आपण तोच पर्वत कमी दरात घेतला असे समजतो. वस्तुतः त्याने हवा मानवण्याचा एक दिवस विकून टाकलेला असतो. जेथे काटकसर करावयाची तेथे ती बुटांची, कोटाची, परतीनंतरच्या वनपर्यटनाची करावी.

पहिल्या आरोहणाचा इतिहासही हेच सांगतो. युरोपीय लोकांपैकी योहानेस रेबमान या धर्मोपदेशकाने १८४८ मध्ये या पर्वतावरील बर्फ पाहून तसे लिहिले, तेव्हा विषुववृत्तानजीक बर्फ असणे विद्वानांना पटेना. हान्स मायर हा जर्मन भूगोलज्ञ १८८७ मध्ये वर गेला, पण शिखर न गाठता परतला. १८८९ मध्ये त्याने आल्प्समधील कसलेला गिर्यारोहक लुडविग पुर्टशेलर यास बरोबर घेतले. तथापि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याने डोंगरावर तळ मांडून खालून मजुरांकरवी अन्नाचा पुरवठा चालू ठेवला. त्यामुळे अपयशानंतर पायथ्याशी उतरण्याची सक्ती राहिली नाही. पहिल्या खेपेस दोघे मुखाच्या कडेपर्यंत जाऊन परत आले, काही दिवसांनी पुन्हा गेले आणि ६ ऑक्टोबर रोजी शिखरावर पोहोचले. त्या स्थानास त्यांनी जर्मन सम्राटाचे नाव दिले होते. १९६१ मध्ये टांगानिका स्वतंत्र झाल्यानंतर त्यास ‘उहुरू’, म्हणजे स्वातंत्र्य, हे नाव मिळाले.

ऋतूविषयी थोडक्यात. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. स्वाहिलीत त्यास ‘मासिका’ म्हणतात. नोव्हेंबरच्या आसपासचा लहान पाऊस तो ‘वुली’. (हा शब्द ऐकून आपल्या वळवाची आठवण होते, पण केवळ ध्वनिसाम्यावर नाते जोडण्याचा मोह आवरावा.) जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते ऑक्टोबर हे काळ कोरडे, म्हणून पसंत केले जातात.

खरी नाती हवी असतील तर ती दुसरीकडे आहेत, व आखणीच्या कामातच भेटतात. ‘बराफु’ या शेवटच्या तळाचे नाव म्हणजे आपला बर्फच. मूळ फारसी शब्द समुद्रमार्गे तिकडेही गेला. मोशी गावातून डोंगराच्या पायथ्याशी नेणारी ती ‘गारी’, द्यावयाचा तो ‘पेसा’, आणि उतरवावयाचा तो ‘बिमा’. विम्याच्या बाबतीत शब्दसाम्यावर समाधान मानू नये : प्रवासविम्याचे पुष्कळ करार ठराविक उंचीपलीकडे लागू होत नाहीत. सहा हजार मीटरपर्यंतची चढाई आणि तेथून खाली आणण्याचा खर्च हे दोन्ही करारात स्पष्ट लिहिलेले असावेत.

एका प्रवाशामागे वाटाड्या, स्वयंपाकी आणि तीन-चार भारवाहक असा परिवार असतो. भारवाहकास स्वाहिलीत ‘म्पागाझी’ म्हणतात; ते स्वतःस ‘वागुमु’, म्हणजे कणखर लोक, म्हणवतात. एकाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा २० किलो ठरलेली असून उद्यानाच्या दाराशी ओझी तोलली जातात. प्रवाशाच्या सामानास त्यातून साधारणतः १५ किलो मिळतात. तेव्हा ‘असू द्यावे’ म्हणून घेतलेला प्रत्येक जिन्नस कोणाच्या तरी डोक्यावर चढतो. कार्यक्रम ठरवण्यापूर्वी भारवाहकांची मजुरी किती, त्यांना तंबू व पोटभर अन्न मिळते की नाही, हे विचारावे. फार स्वस्त पत्रकात जो पैसा वाचलेला दिसतो तो बहुधा येथून वाचलेला असतो.

आता भाषेचा मुद्दा, जो आमच्या विभागाच्या वाचकांस विशेष रुचेल. उंचीचा विकार ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक गुणपद्धती आहे. कॅनडातील लेक लुईस येथे १९९१ मध्ये झालेल्या परिषदेवरून तिला नाव मिळाले. २०१८ मध्ये ती सुधारण्यात आली. डोकेदुखी, मळमळ-वांती, थकवा-अशक्तपणा आणि चक्कर या चार लक्षणांना रुग्णाने स्वतःच ० ते ३ गुण द्यावयाचे. उंची नुकतीच वाढली असून डोकेदुखीचा निदान एक गुण आणि एकूण तीन गुण झाले तर विकार आहे असे धरतात. म्हणजे हे निदान उभे आहे ते सर्वस्वी रुग्णाच्या शब्दावर. बोटाला लावण्याचे प्राणवायुमापक यंत्र वाटाड्याजवळ असते, पण केवळ त्याच्या आकड्यावरून विकाराचा निर्णय होत नाही.

मग शब्द कोणत्या भाषेतले? वाटाड्या स्वाहिली बोलणारा, प्रवासी मराठी, आणि मधली भाषा दोघांनाही शाळेत शिकवलेली इंग्रजी. मराठीत डोके दुखते, जड होते, ठणकते, भणभणते. या पायऱ्या आपण सहज ओळखतो. इंग्रजीत उतरताना त्या साऱ्या एका शब्दात मावतात. ‘मला मळमळते’ या आपल्या भावकर्तृक प्रयोगात तक्रारीचा दोष कोणाकडेच जात नाही. इंग्रजीत तेच ‘मी’पासून सुरू करावे लागते, आणि ‘मी’ म्हटले की अभिमान आडवा येतो. स्वाहिली या बाबतीत आपल्याला जवळची आहे : ‘किच्वा किनानिउमा’ यात डोके कर्ता आहे आणि माणूस कर्म. ‘किझुंगुझुंगु’ (चक्कर) आणि ‘किचेफुचेफु’ (मळमळ) हे दोन द्विरुक्त शब्द तर एकदा ऐकल्यावर विसरत नाहीत.

प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. बरांकोच्या मुक्कामी वाटाड्याने गुण विचारले तेव्हा मी ‘एक’ म्हणालो. मनात ‘थोडेसे दुखते आहे’ हे वाक्य होते, आणि परक्या माणसापुढे आपले ‘थोडेसे’ कितीही दुःख झाकू शकते. रात्री तंबूत सोबत्याशी बोलताना मात्र ‘डोके ठणकते आहे’ असे निघून गेले. त्याने सकाळी ते वाटाड्यास सांगितले. त्याने वहीतील आकडा खोडून ‘दोन’ केला, मळमळ वा चक्कर नाही ना हे पुन्हा विचारले, आणि मला रांगेत आपल्या मागे घेतले. त्या दिवशी करांगापर्यंतच जावयाचे होते. दुपारी तेथे पोहोचलो आणि संध्याकाळपर्यंत डोके उतरले. सहा दिवसांचा कार्यक्रम असता तर ती रात्र मी बराफुला, साडेसहाशे मीटर वर काढली असती, व मध्यरात्री शिखराकडे निघालो असतो.

म्हणून आखणीत आणखी एक गोष्ट येते : परत फिरण्याचा अधिकार कोणाचा, हे खालीच ठरवणे. शेवटच्या रात्री शून्याखाली दहा ते वीस अंशांच्या थंडीत, बाराशे मीटरची चढण चढत असताना, या प्रश्नाची चर्चा होऊ शकत नाही. मेंदूस सूज येऊ लागली की प्रथम निर्णयशक्ती आणि तोल जातात, वाणी अडखळते. ज्याने ठरवावयाचे तोच ठरवण्यास असमर्थ होतो. फुप्फुसांत पाणी साठू लागले तर स्वस्थ बसले असताही धाप लागते व खोकला येतो. दोन्हींवर मुख्य उपाय एकच, विलंब न करता खाली उतरणे. ॲसिटाझोलामाइड हे औषध मूत्रपिंडांचे काम त्वरेने घडवून आणते. ते घ्यावयाचे तर निघण्यापूर्वी वैद्याच्या सल्ल्याने. ते गाळलेल्या रात्रीची भरपाई मात्र करीत नाही.

मोशी येथे निघण्याच्या आदल्या संध्याकाळी वाटाड्या सामान तपासावयास येतो. ती वेळ बूट दाखवण्यात घालवू नये. त्याच्याशी पाच-सहा शब्द ठरवून घ्यावेत, त्यांचे अर्थ दोन्ही बाजूंनी बोलून पाहावेत, आणि मराठी मंडळींनी आपल्यातील एकाने दुसऱ्याचे ऐकलेले सांगावयाचे, त्यास चहाडी समजावयाचे नाही, असे ठरवावे. शक्य क्रियापदाचा भेद त्यास अवश्य शिकवावा. ‘मी चालत नाही’ आणि ‘मला चालवत नाही’ यांतील अंतर आमच्या वाटाड्यास दोन मिनिटांत समजले. पुढे तो आम्हांस रोज सकाळी मराठीतच विचारी, ‘चालवते?’