ग्रीक घरातील कोफ्ते : थोड्यात सर्वांचे भागविणारा पदार्थ

कोफ्ता हा शब्द आपणांस नवा नाही. उत्तर हिंदुस्थानातील नर्गिसी कोफ्ता, हैदराबादेकडील मेजवानीत येणारे खिम्याचे कोफ्ते किंवा मांस न खाणाऱ्या घरांत होणारे दुधी भोपळ्याचे आणि कच्च्या केळ्याचे कोफ्ते यांपैकी एखादा प्रकार आपण कोणत्या ना कोणत्या प्रांतात चाखलाच असेल. परंतु भूमध्य समुद्राच्या काठी, ग्रीस देशातील गृहिणीच्या तोंडीही हाच शब्द आहे, हे ठाऊक असणारे वाचक थोडे असतील. फारसीत ‘कूफ्तन’ म्हणजे कुटणे. कुटलेल्या मांसाचा गोळा तो कोफ्ता. फारसीतून हा शब्द पूर्वेकडे आपल्या देशात आला, तसाच पश्चिमेकडे तुर्कस्तानात जाऊन ‘क्योफ्ते’ झाला. ग्रीस देश कित्येक शतके तुर्की साम्राज्यात होता. त्या काळात तो ग्रीक भाषेत शिरला आणि ‘केफ्तेस’ झाला. त्याचे अनेकवचन ‘केफ्तेदेस’.

या लांबच्या नातलगाची ओळख येथे करून देण्याचे कारण केवळ चवीचे नाही. घरात माणसे पुष्कळ आणि मांस थोडे, अशा स्थितीत सर्वांच्या पानात काहीतरी चांगले पडावे, या काळजीतून हा पदार्थ घडला आहे. ती काळजी कोणत्या घराला अपरिचित आहे?

मांस थोडे, माणसे फार

ग्रीसमधील सामान्य माणूस रोज मांस खात असे, अशी कल्पना असल्यास ती सोडून द्यावी. दुसऱ्या महायुद्धात ग्रीस शत्रूच्या ताब्यात गेला आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यात तेथे भीषण दुष्काळ पडला. अथेन्ससारख्या शहरात माणसे भुकेने मेली. युद्ध संपल्यावर १९४८ मध्ये अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशनच्या वतीने क्रीट बेटावरील कुटुंबांच्या राहणीची सविस्तर पाहणी झाली आणि तिचा वृत्तान्त १९५३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. धान्य, कडधान्ये, पालेभाज्या, फळे आणि ऑलिव्हचे तेल हाच तेथील आहाराचा मुख्य भाग होता. मांसाचा वाटा अगदी अल्प होता. आवडीचे अन्न कोणते, असे विचारले असता मात्र बहुतेक कुटुंबांनी मांसाचेच नाव घेतले. पुढे जगभर आरोग्यदायक म्हणून वाखाणल्या गेलेल्या या आहारामागे अशी अपुरी राहिलेली इच्छाही होती.

अशा घरात अर्धा किलो मांसाचे तुकडे केले तर तीन-चार माणसांचे कसेबसे भागेल. त्याचाच खिमा करून त्यात पाव, कांदा, अंडे आणि हिरवा पाला घातला तर सहा माणसांच्या पानांत प्रत्येकी पाच गोळे पडतात. केफ्तेदेसचे सारे गणित येथे आहे.

पाव ही भेसळ नव्हे

खिम्यात पाव मिसळणे म्हणजे मांस कमी पडल्याची कबुली, असा समज आपल्याकडे आढळतो. तो बरोबर नाही. नुसत्या खिम्याचा गोळा तळला तर उष्णतेने मांसातील प्रथिने आवळतात, रस बाहेर पडतो आणि गोळा घट्ट, कोरडा होतो. भिजलेल्या पावातील पिष्ट पाणी धरून ठेवते आणि मांसाच्या कणांमध्ये राहून त्यांना एकमेकांस फार घट्ट चिकटू देत नाही. त्यामुळे गोळा आतून मऊ व रसाळ राहतो. मांस मुबलक असलेल्या सुखवस्तू ग्रीक घरांतही पाव वगळला जात नाही, तो याच कारणाने.

पाव शिळाच घ्यावा. ताजा पाव भिजताच लगदा होतो. शिळा पाव पाणी शोषूनही आपला पोत काही अंशी राखतो. काल-परवाचा उरलेला पाव टाकून न देता त्याचे असे सोने करणे ही दुष्काळ पाहिलेल्या देशाची शिकवण आहे.

साहित्य व कृती

सहा माणसांसाठी पुढील प्रमाण घ्यावे : खिमा ५०० ग्रॅम, कडा काढलेला शिळा पाव १०० ग्रॅम, मोठा कांदा १, अंडे १, बारीक चिरलेला पुदिना ३ मोठे चमचे, चिरलेली पार्सली किंवा कोथिंबीर ३ मोठे चमचे, वाळलेले ओरेगानो १ चहाचा चमचा, व्हिनेगर १ मोठा चमचा, तेल २ मोठे चमचे, मीठ दीड चहाचा चमचा, मिरपूड अर्धा चहाचा चमचा. घोळविण्यासाठी वाटीभर मैदा आणि तळण्यासाठी तेल वेगळे घ्यावे.

ग्रीसमध्ये गाईच्या, डुकराच्या किंवा मेंढीच्या मांसाचा खिमा वापरतात. आपल्याकडे बकऱ्याचा खिमा उत्तम चालतो. मात्र त्यात चरबी कमी असते, म्हणून वर सांगितलेले दोन चमचे तेल खिम्यात घालण्यास विसरू नये. खिमा खाटकाकडून यंत्रातून दोनदा काढून घ्यावा. ओरेगानो ही भूमध्य प्रदेशातील सुगंधी वनस्पती होय. ती हिमालयाच्या उतारांवरही रानात उगवते, आणि आता शहरांतील दुकानांत तिची वाळलेली पाने सहज मिळतात. न मिळाल्यास ओव्याची दोन-तीन ताजी पाने बारीक चिरून घालावी. त्यांचा वास बराच मिळताजुळता आहे.

प्रथम पाव पाण्यात दहा मिनिटे भिजवून हाताने पिळावा व कुस्करावा. कांदा चिरू नये. किसणीवर किसावा, म्हणजे त्याचा रस खिम्यात उतरतो. आता परातीत सर्व साहित्य एकत्र करून पाच मिनिटे चांगले मळावे. मिठामुळे मांसातील काही प्रथिने सुटी होऊन चिकट बनतात आणि त्यांच्या योगाने गोळा तळताना फुटत नाही. म्हणून मीठ व मळणे या दोन्ही गोष्टींत हयगय करू नये. मळलेले मिश्रण झाकून तासभर फ्रिजमध्ये ठेवावे. ते आळते आणि मसाल्याचा स्वाद सर्वत्र मुरतो.

मिठाची चव पाहण्यासाठी कच्चा खिमा जिभेवर ठेवू नये. एक लहान गोळा पूर्ण तळून मग चाखावा आणि त्याप्रमाणे मीठ वाढवावे. नंतर हात ओला करून अक्रोडाएवढे गोळे वळावे. या प्रमाणात सुमारे तीस गोळे होतात. प्रत्येक गोळा मैद्यात घोळवून जास्तीचा मैदा झटकून टाकावा. पसरट कढईत बोटभर तेल तापवून मध्यम आचेवर गोळे तळावे. एका वेळी थोडेच गोळे सोडावे, कारण कढई भरली की तेल निवते आणि गोळे तेलकट होतात. सात-आठ मिनिटांत सर्व बाजूंनी तांबूस झाले म्हणजे झाऱ्याने काढावे. ग्रीक गृहिणी ऑलिव्हचे तेल वापरते, आपण घरात असेल ते शेंगदाण्याचे तेल वापरावे.

एक सावधगिरी

मांसाच्या अखंड तुकड्यात रोगजंतू असले तर ते बहुधा पृष्ठभागावर असतात. खिमा करताना ते सगळ्या मांसात मिसळतात. म्हणून खिम्याचा गोळा मध्यापर्यंत शिजलाच पाहिजे. आतील उष्णता ७१ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचणे हे त्याचे सुरक्षित माप आहे. स्वयंपाकाचा उष्णतामापक घरात असल्यास त्याने खात्री करून घ्यावी. नसल्यास प्रत्येक घाण्यातील सर्वांत मोठा गोळा फोडून पाहावा. आत कच्चटपणा किंवा लालसर पाणी दिसल्यास घाणा आणखी तळावा. कच्चा खिमा ज्या परातीत मळला, तीत तळलेले गोळे ठेवू नयेत. हात, सुरी व पाट साबणाने धुवावे.

ग्रीसमध्ये हे गोळे दुसऱ्या दिवशी थंडही खातात आणि सहलीला बरोबर नेतात. आपल्या उन्हाळ्यात मात्र जपावे. शिजविलेले मांस दोन तासांपेक्षा अधिक वेळ बाहेर राहू देऊ नये. हवेतील उष्णता ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच ते फ्रिजमध्ये ठेवावे.

पानात वाढताना

केफ्तेदेससोबत लिंबाची फोड आणि ‘त्झात्झिकी’ देतात. ही ग्रीक कोशिंबीर आपल्याला परकी वाटणार नाही. घट्ट दही फडक्यात बांधून पाणी काढावे. काकडी किसून पिळून त्यात मिसळावी आणि वाटलेला लसूण, मीठ, थोडे व्हिनेगर व तेल घालावे. याखेरीज पाव, टोमॅटो आणि उकडलेली पालेभाजी पानात असली की जेवण पूर्ण होते. हेच गोळे मुठीएवढा तांदूळ मिसळून, न तळता पाण्यात शिजवले आणि अंडे व लिंबाचा रस फेटून त्या रश्शाला दाटपणा आणला, तर त्यास ‘युवारलाक्या’ म्हणतात. थंडीच्या दिवसांत आणि आजारातून उठलेल्या माणसासाठी तो रस्सा विशेष आवडीचा आहे.

स्मर्नाहून आलेली चव

ग्रीक कोफ्त्यांचा आणखी एक प्रकार आहे आणि त्याची कथा मन हेलावून टाकणारी आहे. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील स्मर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझ्मीर, हे भरभराटीचे बंदर होते. ग्रीक, आर्मेनियन, ज्यू व तुर्क लोक तेथे शेजारी राहत. ग्रीस व तुर्कस्तान यांच्या युद्धाच्या अखेरीस, सप्टेंबर १९२२ मध्ये, या शहराला प्रचंड आग लागली. ग्रीक व आर्मेनियन वस्त्या भस्म झाल्या आणि हजारो माणसे धक्क्यावर जहाजांची वाट पाहत उभी राहिली. पुढे ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे झालेल्या कराराने दोन्ही देशांनी लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल मान्य केली. आधी पळून आलेले धरून सुमारे १२ लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले. साडेतीन लाखांहून अधिक मुसलमानांना ग्रीस सोडून तुर्कस्तानात जावे लागले. कोण कोठे जाणार हे भाषेवरून ठरले नाही, धर्मावरून ठरले. त्यामुळे नव्या देशाची भाषाही न येणारी पुष्कळ कुटुंबे दोन्हीकडे होती.

जेमतेम पन्नास लाख वस्तीच्या ग्रीसला हा भार पेलणे कठीण होते. आलेल्यांकडे स्थानिक लोक संशयाने पाहत, त्यांना ‘तुर्कांचे बीज’ म्हणून हिणवीत. त्यांच्या जिऱ्या-लसणाच्या जेवणाचा वासही काहींना सहन होत नसे. निकोलाओस त्सेलेमेंतेस या प्रख्यात पाकशास्त्रकाराने त्याच काळात ग्रीक स्वयंपाकाला फ्रेंच वळण देण्याचा आणि त्यातील पौर्वात्य छाप पुसण्याचा प्रयत्न केला. त्याचा प्रभाव एवढा पडला की ग्रीक भाषेत पाकशास्त्राच्या पुस्तकालाच ‘त्सेलेमेंतेस’ म्हणू लागले. तरीही स्मर्नाचे कोफ्ते टिकले. आज ‘सुत्झुकाक्या’ या तुर्की मूळ असलेल्या नावाने ते ग्रीसभर खाणावळींतून मिळतात आणि स्मर्नाचे नाव अभिमानाने लावतात. अथेन्सजवळ निर्वासितांनी वसविलेल्या उपनगराचे नावही ‘नेआ स्मिर्नी’, म्हणजे नवी स्मर्ना, असेच आहे. घर, शेत आणि दुकान मागे राहिले, पण आईच्या हाताची सवय बरोबर आली. फाळणीच्या काळी सीमा ओलांडलेल्या आपल्या देशातील कुटुंबांना हे अधिक सांगावयास नको.

हे कोफ्ते करावयाचे असल्यास वरील मिश्रणातून पुदिना व ओरेगानो वगळावे. त्याऐवजी १ चहाचा चमचा जिरेपूड व लसणाच्या चार वाटलेल्या पाकळ्या घालाव्या. ग्रीक लोक पाव तांबड्या द्राक्षमद्यात भिजवितात. ते नको असल्यास पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकून भिजवावा. बोटाएवढे लांबट गोळे वळून हलके तळावे. नंतर टोमॅटोच्या रसात दालचिनीचा तुकडा टाकून त्यात ते मंद आचेवर पंचवीस मिनिटे शिजू द्यावे. भाताबरोबर हे फार छान लागतात.

उपवासाचे केफ्तेदेस

मांस न खाणाऱ्या वाचकांनीही निराश होण्याचे कारण नाही. ग्रीक ख्रिस्ती लोकांत ईस्टरपूर्वीच्या दीर्घ उपवासात मांस, दूध व अंडी वर्ज्य असतात. त्या दिवसांसाठी त्यांनी भाज्यांचे व कडधान्यांचे केफ्तेदेस योजले. सान्तोरिनी बेटावर तेथील लहान, गोड टोमॅटोचे गोळे करतात. सिफ्नोस बेट काबुली हरभऱ्याच्या गोळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. २०० ग्रॅम काबुली हरभरे रात्रभर भिजवून शिजवावे व जाडसर कुटावे. त्यात किसलेला कांदा, पुदिना, मीठ, मिरपूड आणि बांधण्यापुरते पीठ घालून चपटे गोळे तळावे. ‘कूफ्तन’ म्हणजे कुटणे हा मूळ अर्थ येथे अक्षरशः खरा होतो.

पुढच्या वेळी घरात खिमा थोडा आणि पाहुणे अधिक असतील, तेव्हा संकोच न करता शिळा पाव भिजत घालावा. मुलांना गोळे वळावयास बसवावे, कारण हे काम त्यांच्या लहान हातांना चांगले जमते. गोळे सारख्या आकाराचे झाले आणि सर्वांच्या पानांत सारखे पडले, म्हणजे ही पाककृती आपणांस साधली असे समजावे.