मथुरेच्या वाटेवर रोहा स्टेशन

समजा, रोह्याजवळच्या एखाद्या गावची जत्रा आहे आणि तमाशाची गौळण रंगात आली आहे. गवळणी दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघाल्यात. कृष्णाचा सवंगडी पेंद्या वाट अडवतो आणि म्हणतो, "मावशे, पळतेस कशाला? दिव्याची पॅसेंजर कवाच गेली!" सारं मैदान हसतं. कृष्णाच्या काळात रेल्वे कुठली, असं कुणी विचारत नाही.

एका शब्दानं काय केलं? 'पॅसेंजर' ऐकताच प्रत्येकाला आठवलं, की ही मथुरा नाही, आपलंच मैदान आहे. हा पेंद्या नाही, पेंद्याचं सोंग आहे. तरी खेळ मोडला नाही. उलट बघणारा त्यात सामील झाला.

आपल्या नाटकानं ही गोष्ट कधी लपवलीच नाही. आपण नटानं अमक्याचं 'काम केलं' म्हणतो, 'सोंग आणलं' म्हणतो. 'पात्र' म्हणजे तर मुळात भांडं. कालिदासाच्या 'शाकुंतला'त सूत्रधार नटीच्या गाण्यात इतका रमतो, की आज कोणतं नाटक करायचं हेच विसरतो. नटी आठवण करून देते आणि मग दुष्यंत येतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये हेच नाटक संगीतासह मराठीत आणलं. जर्मन नाटककार ब्रेख्त यानं १९३५ मध्ये मॉस्कोत चिनी नट मेइ लानफांगचा, सोंग न लपवणारा अभिनय पाहिला. प्रेक्षकानं वाहून न जाता विचार करावा, या त्याच्या आग्रहाला त्यातून बळ मिळालं. पु. ल. देशपांडे यांनी १९७८ मध्ये त्याचं नाटक मराठीत आणलं आणि नाव ठेवलं 'तीन पैशाचा तमाशा'. हा खेळ आहे, हे तिथं नावातच सांगितलं आहे.

पण शब्द नेमका हवा. पेणच्या खारेपाटात वग चालला आहे. राजा राज्याचं क्षेम विचारतो. प्रधान 'जलदुर्भिक्ष' म्हणाला, तर संकट त्या राजाचं राहतं. 'टँकर आला नाही' म्हणाला, तर हंडा घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई ताठ बसते. प्रश्न आता तिचा झालेला असतो. मात्र त्याआधी दरबार पक्का उभा राहिलेला हवा. दर वाक्याला टँकर आला, तर राजाही उरत नाही आणि धक्काही.

सोंग ठाऊक असूनही त्यात रमणं पेणकराला वेगळं शिकवावं लागत नाही. जवळच्या हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत गणपतीची मूर्ती आधी 'कच्ची' असते, मोजताना 'नग' असते, मग रंग चढतो, डोळ्यांची आखणी होते. हे सगळं लहानपणापासून पाहिलेला, कधी स्वतःच्या हातानं केलेला माणूस चतुर्थीला त्याच मूर्तीला 'बाप्पा' म्हणतो. माती विसरून नव्हे, माती ठाऊक असूनच तो हात जोडतो.