ताळेबंदात न दिसणारी देणगी

शिक्षणसंस्थांना मिळणाऱ्या देणग्यांचा विचार करताना आपली दृष्टी सहसा पावतीपुस्तकावर आणि इमारतीच्या दर्शनी भागातील संगमरवरी पाटीवर खिळून राहते. जे रुपयांत मोजता येते तेवढेच दान, अशी आपली समजूत असते. परंतु शिक्षणाच्या इतिहासातील कित्येक मोठ्या देणग्यांची पावती कधी कोणी फाडली नाही आणि त्यांची नोंद कोणत्याही ताळेबंदात झाली नाही. अमेरिकेतील कॅथलिक शाळांचा दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास हे याचे ठळक उदाहरण होय. ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झालेल्या तेथील करविषयक कायद्याने शालेय शिष्यवृत्त्यांसाठी देणगी देणाऱ्यांना मोठी सवलत देऊ केली आहे. दान म्हणजे काय आणि ते नेमके कोण देतो, हा जुना प्रश्न त्यामुळे नव्याने विचारात घेणे आवश्यक झाले आहे.

या शाळांचा उगम समजून घेतल्याखेरीज त्यांचे अर्थकारण उलगडत नाही. एकोणिसाव्या शतकात आयर्लंड, जर्मनी, इटली व पोलंड येथून लक्षावधी गरीब कॅथलिक अमेरिकेत आले. तेथील सार्वजनिक शाळा नावाला सर्वांच्या असल्या तरी त्यांतील प्रार्थना आणि बायबलचे भाषांतर प्रोटेस्टंट परंपरेचे असे. शाळेत कोणते बायबल वाचावे या वादातून १८४४ साली फिलाडेल्फियात दंगली पेटल्या, यावरून या प्रश्नाची तीव्रता ध्यानात यावी. अखेर १८८४ च्या बाल्टिमोर येथील धर्मपरिषदेत बिशपांनी ठरविले की, प्रत्येक पॅरिशने, म्हणजे धर्मग्रामाने, दोन वर्षांच्या आत स्वतःची शाळा उभारावी. मात्र या शाळांना सरकारी तिजोरीतून पैसा मिळू नये, अशी तजवीज बहुतेक राज्यांच्या घटनांत करण्यात आली होती. ऑरेगन राज्याने सर्व मुलांना सार्वजनिक शाळेतच घालण्याची सक्ती केली, तेव्हा १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली व खासगी शाळा निवडण्याचा पालकांचा हक्क मान्य केला. हक्क मिळाला, पैसा मिळाला नाही. सार्वजनिक शाळांसाठी कर भरायचा आणि आपल्या मुलांच्या शाळेचा खर्च निराळा सोसायचा, असा दुहेरी भार गिरणीत व गोदीत राबणाऱ्या या समाजावर पडला.

पै-पैशाचे आणि कोट्यधीशाचे दान

हा भार पेलला गेला तो प्रथमतः लहान लहान रकमांच्या बळावर. १८२२ साली फ्रान्समधील लियों शहरी पोलीन जारिको या तरुणीच्या प्रेरणेने धर्मप्रसारासाठी एक संस्था स्थापन झाली. तिची पद्धत साधी होती. दहा-दहा जणांचे गट पाडावयाचे आणि प्रत्येकाने आठवड्याला फक्त एक सू, म्हणजे फ्रँकचा विसावा भाग, द्यावयाचा. रेशमाच्या कारखान्यांतील कामगारांनी साठविलेल्या या नाण्यांतून अमेरिकेतील बाल्यावस्थेतील धर्मप्रांतांनाही साहाय्य गेले. आपल्याकडील पैसा फंडाची आठवण असलेल्या वाचकाला या पद्धतीचे मर्म वेगळे सांगावयास नको. देणाऱ्याला न जाचणारी, परंतु नियमित येणारी रक्कम संस्थेला जे स्थैर्य देते ते एखाद्या मोठ्या देणगीने येत नाही. पुढे अमेरिकेतील धर्मग्रामांनी रविवारच्या मिस्सेतील दानपात्र, वार्षिक जत्रा आणि सोडती यांतून शाळा चालविल्या.

दुसऱ्या टोकाला कॅथरिन ड्रेक्सेल यांचे उदाहरण आहे. फिलाडेल्फियातील एका बड्या बँकमालकाच्या या कन्येने १८९१ साली धर्मभगिनींचा संघ स्थापन केला आणि वारशाने येणारे सुमारे दोन कोटी डॉलर्सचे उत्पन्न कृष्णवर्णीय व मूळनिवासी मुलांच्या शिक्षणासाठी खर्च केले. न्यू ऑर्लिन्स येथील झेवियर विद्यापीठ ही त्यांचीच उभारणी. जवळजवळ सर्व उत्पन्न दान करणाऱ्यास त्यावर प्राप्तिकर पडू नये, अशी तरतूद १९२४ मध्ये तेथील संसदेने केली, ती त्यांच्यासारख्या दात्यासाठी. ‘फिलाडेल्फियाच्या धर्मभगिनीची तरतूद’ या नावाने ती ओळखली जाई. पुढे तिचा लाभ संन्यासाशी काडीचाही संबंध नसलेले धनिक घेऊ लागले, म्हणून १९६९ च्या कायद्याने ती टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली. ड्रेक्सेल १९५५ मध्ये निवर्तल्या. तेव्हा वडिलांच्या मृत्युपत्रानुसार मूळ भांडवल त्यात नमूद केलेल्या जुन्या संस्थांकडे गेले. मृत्युपत्र लिहिले गेले तेव्हा अस्तित्वात नसलेल्या त्यांच्या स्वतःच्या संघाला त्यातील काहीच मिळाले नाही. एकाच झऱ्यावर अवलंबून असलेल्या शेताची जी गत होते, ती मोठ्या दात्यावर विसंबणाऱ्या संस्थेची होऊ शकते, हे यावरून दिसते.

तथापि कामगारांचे नाणे आणि ड्रेक्सेल यांची संपत्ती एकत्र केली तरी या शाळांचा खर्च भागला नसता. त्यांचा खरा आधार होता तो वर्गात उभ्या राहणाऱ्या धर्मभगिनींचा. शाळेच्या खर्चात शिक्षकांचे वेतन हाच सर्वांत मोठा भाग असतो, आणि या स्त्रिया जेमतेम निर्वाहापुरत्या मोबदल्यावर आयुष्यभर शिकवीत होत्या. बाजारात त्यांच्या श्रमाला जे वेतन मिळाले असते आणि जे त्यांना प्रत्यक्षात मिळाले, यांतील फरक म्हणजेच त्यांची देणगी. अर्थशास्त्रात ज्याला वैकल्पिक परिव्यय म्हणतात तो येथे शाळेने नव्हे, शिक्षिकेने सोसला. ही कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षे सेवा करण्यास बांधले जात. गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्या माणसाने ती शपथ पाळली. त्या संस्थेच्या देणगीदारांची यादी कितीही मोठी असली तरी तिचे पहिले देणगीदार तिचे अध्यापकच होते.

उशिरा आलेला हिशेब

१९६५ च्या सुमारास या व्यवस्थेने शिखर गाठले. जवळजवळ १३,००० शाळा, सुमारे ५२ लाख विद्यार्थी आणि देशभरात सुमारे १ लाख ८० हजार धर्मभगिनी, असा तो विस्तार होता. त्यानंतरची उतरण तितकीच वेगवान आहे. आता शाळा ६,००० च्या आत आणि विद्यार्थी १७ लाखांच्या आसपास आले आहेत. धर्मभगिनींची संख्या ४०,००० च्या खाली गेली असून त्यांतील बहुसंख्य वृद्ध आहेत. शिक्षकांपैकी ९७ टक्क्यांहून अधिक आता संसारी स्त्री-पुरुष आहेत, आणि त्यांना घरभाडे द्यावयाचे असते, मुले वाढवावयाची असतात. शहरांतील कॅथलिक कुटुंबे उपनगरांत गेली, जन्मप्रमाण घटले, स्त्रियांना अन्य व्यवसाय खुले झाले, अशी कारणे अनेक आहेत. परंतु शाळेच्या दृष्टीने परिणाम एकच झाला. जे श्रम दानात मिळत होते ते आता विकत घ्यावे लागू लागले.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेच आहे. वेतनच नसल्यामुळे या धर्मभगिनींच्या नावे निवृत्तिवेतनाची तरतूदही साठली नव्हती. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्यांच्या संघांना अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेत येण्याची वाट १९७२ मध्ये मोकळी झाली. तोवर पिढ्यांचे श्रम हिशेबाबाहेर राहिले होते. अखेर १९८८ पासून वृद्ध धर्मभगिनी व धर्मबंधूंच्या निर्वाहासाठी देशभरच्या चर्चमध्ये दरवर्षी वर्गणी गोळा करण्याची प्रथा सुरू झाली. जे फुकट वाटले होते ते फुकट नव्हते, फक्त त्याचे बिल उशिरा आले होते. कोणत्याही समाजाने आपल्या सेवाव्रतींच्या त्यागाचे गोडवे गाताना हे बिल डोळ्यांआड करू नये.

राज्याची मदत मिळवून ही पोकळी भरण्याचे प्रयत्न झाले. पेनसिल्व्हानिया व ऱ्होड आयलंड या राज्यांनी धार्मिक शाळांतील शिक्षकांच्या वेतनाला हातभार लावण्याचे कायदे केले, पण १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले. शाळांपुढे मग दोनच मार्ग उरले, फी वाढविणे किंवा देणग्या मागणे. फी वाढली की ज्यांच्यासाठी शाळा निघाली तो गरीब मुलगाच प्रथम बाहेर पडतो. म्हणून शिष्यवृत्तीच्या निधींना महत्त्व आले. शिकागोत १९९६ साली जेझुइटांनी सुरू केलेल्या क्रिस्तो रे शाळेने निराळी वाट काढली. तेथील प्रत्येक विद्यार्थी महिन्यातून सुमारे पाच दिवस एखाद्या कंपनीच्या कचेरीत काम करतो आणि त्याचा मोबदला त्याच्या शिक्षणखर्चाकडे वळविला जातो. ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र कर्मवीर भाऊराव पाटलांच्या महाराष्ट्राला नवे नाही, परंतु श्रमाचे दान आटल्यावर श्रमाचाच आश्रय पुन्हा घ्यावा लागला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

दात्याची आवड आणि शाळेची गरज

पैशाच्या दानाचा एक स्वभाव असतो. दात्याला दिसणारी वस्तू आवडते. त्याला सभागृह, प्रयोगशाळा, क्रीडांगण ही देण्यासारखी वाटतात. गुणी मुलाची शिष्यवृत्तीही त्याला भावते, कारण तिला चेहरा असतो. परंतु धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकाचे प्रशिक्षण, त्याचे दरमहाचे वेतन, मुलांशी श्रद्धेविषयी मोकळेपणाने बोलण्यासाठी लागणारा वेळ, यांचे उद्घाटन होत नाही. श्रद्धेचा संस्कार ही दरवर्षी नव्याने करावयाची गुंतवणूक आहे आणि तिचा परतावा मोजण्याचे माप कोणाजवळ नाही. धर्मभगिनी होत्या तोवर हा खर्च वेगळा काढावा लागत नव्हता. गणित शिकविणारी बाईच आपल्या जगण्याने धर्मही शिकवीत असे. आता तो वेगळा काढावा लागतो, आणि वेगळा काढलेला खर्चच काटकसरीच्या वेळी प्रथम कापला जातो. अशा वेळी उत्तम निकालाची, चांगल्या शिस्तीची, पण उद्देश हरवलेली महाग शाळा तेवढी शिल्लक राहण्याचा धोका आहे.

२०२५ च्या कायद्याकडे याच दृष्टीने पाहावे लागेल. १ जानेवारी २०२७ पासून लागू होणाऱ्या तरतुदीनुसार शिष्यवृत्ती देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेस दिलेली देणगी, १,७०० डॉलर्सच्या मर्यादेत, थेट देय करातून वजा होईल. त्या त्या राज्याने योजनेत सामील होणे मात्र आवश्यक आहे. उत्पन्नातून वजावट आणि करातून वजावट यांत महदंतर आहे. पहिल्या प्रकारात दात्याच्या खिशातून काही तरी जाते. दुसऱ्यात डॉलरला डॉलर परत मिळतो, म्हणजे दात्याचा त्याग शून्य आणि खर्च सरकारी तिजोरीचा. याच्या समर्थकांचे म्हणणे असे की, दुहेरी भार वाहणाऱ्या पालकांना उशिरा का होईना न्याय मिळतो. हे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. पण विरोधकांची शंकाही रास्त आहे. सार्वजनिक पैसा कोठे जावा हे लोकप्रतिनिधींऐवजी करदात्याने ठरवावे काय, आणि सार्वजनिक शाळांत उरणाऱ्या मुलांचे काय, या प्रश्नांना उत्तर मिळाले पाहिजे. शाळांच्या हिताचाही प्रश्न आहेच. ज्या दानात देणाऱ्याचे काहीच जात नाही, त्याने शाळेची तिजोरी भरेल. शाळा आणि समाज यांना बांधणारा धागा त्याने विणला जाईल काय, हे सांगणे कठीण आहे.

आपल्याकडील चित्र याच्या नेमके उलट आहे. अनुदानित शाळांतील शिक्षकांचे वेतन राज्य सरकार देते, मग ती शाळा धर्मसंघाची का असेना. त्या वेतनाची रक्कम व्रतस्थ शिक्षक आपल्या संघाच्या स्वाधीन करतात. तेव्हा ते दान येथे पुस्तकात दिसते, आणि जे दिसते त्यावर कर बसतो. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धर्मगुरू व धर्मभगिनी यांच्या वेतनातून करकपात करण्याविरुद्धची अपिले फेटाळली आणि मद्रास उच्च न्यायालयाचा २०१९ चा निर्णय कायम राहिला. वेतन हातात पडल्यावर त्याचे काय केले याच्याशी कराचा संबंध नाही, हे तत्त्व करशास्त्राला धरूनच आहे. मात्र घटनेच्या २८ व्या अनुच्छेदाप्रमाणे अनुदानित शाळेत कोणावरही धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही. वसईच्या किंवा मुंबईच्या धर्मग्रामांत कॅथलिक मुलांचे धर्मशिक्षण म्हणूनच मुख्यतः रविवारच्या वर्गांत चालते, आणि ते वर्ग घेणारे बहुधा नोकरी-संसार सांभाळून येणारे स्वयंसेवक असतात. सरकारने वेतनाचा भार उचलला, तरी श्रद्धेचा भार समाजावरच राहिला.

या साऱ्यातून निष्पन्न होणारे तत्त्व केवळ कॅथलिकांपुरते नाही. ध्येयाने निघालेली कोणतीही शाळा प्रथम माणसांच्या दानावर उभी राहते, पैशाचे दान मागाहून येते. ती माणसे संपली की पैसा त्यांची जागा घेऊ शकतो, परंतु एका अटीवर. तो इमारतीपेक्षा शिक्षकाला, एका मोठ्या धनादेशापेक्षा हजारो लहान हातांना आणि फळापेक्षा मुळाला प्राधान्य देणारा असला पाहिजे. लियोंच्या रेशीमकामगारांना हे ठाऊक होते. आजच्या दात्यांनी आपल्या शाळेच्या भिंतीवरील पाटी वाचून झाल्यावर एकदा वर्गात डोकवावे आणि तेथे उभ्या असलेल्या शिक्षकाला महिन्याकाठी काय मिळते, याची चौकशी करावी. दान कोठे द्यावे, याचे उत्तर त्यांना तेथेच मिळेल.