नोटेवरच्या माणसाचा जमाखर्च

मी छत्तीस वर्षं एका बँकेत रोखपाल होतो. आयुष्यभर नोटा मोजल्या. पण खरं सांगतो, नोटा मोजणारा माणूस नोटेकडे बघत नाही. त्याचं लक्ष अंगठ्याकडे आणि आकड्याकडे. नोटेवरचा चेहरा मी निवांतपणे पाहिला तो निवृत्त झाल्यावर.

गांधीजी नोटेवर प्रथम आले १९६९ साली, जन्मशताब्दीच्या निमित्ताने. त्या नोटांवर ते बसलेले आहेत आणि मागे आपल्या वर्ध्याजवळचा सेवाग्राम आश्रम आहे. पुढे १९८७ मध्ये ते पाचशेच्या नोटेवर आले आणि १९९६ पासून त्यांच्या नावाची मालिकाच सुरू झाली. आज दिसतो तो हसरा चेहरा १९४६ सालच्या एका छायाचित्रावरून घेतलेला आहे. हा चेहरा सगळ्यांना पाठ आहे. पण हा माणूस स्वतः पैशाशी कसा वागत असे, ते फार थोड्यांना ठाऊक असतं.

सुरुवात उधळेपणाने झाली, असं सांगितलं तर नवल वाटेल. १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेलेल्या मोहनदासने साहेबी थाट केला. एकोणीस शिलिंगांची उंच हॅट, बाँड स्ट्रीटवर शिवून घेतलेला दहा पौंडांचा सूट. नाच शिकण्यासाठी तीन पौंड भरले. पाय तालात पडेनात, तेव्हा कान तयार व्हावा म्हणून आणखी तीन पौंडांचं व्हायोलिन घेतलं! हे सगळं त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहिलं आहे. तीनेक महिन्यांत हे वेड ओसरलं. मात्र त्या काळातही एक सवय पक्की होती. बसचं भाडं, टपाल, वर्तमानपत्राला दिलेली नाणी, सगळं वहीत लिहायचं आणि रोज झोपण्यापूर्वी शिल्लक काढायची. ही सवय जन्मभर टिकली.

तिचे पुढे किती फाटे फुटले पाहा. १९१५ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाच्या गडबडीत गांधीजी मेजाभोवती काहीतरी शोधत होते. काकासाहेब कालेलकरांनी विचारलं, तर हरवली होती पेन्सिल, तीही जेमतेम दोन इंचांची! काकासाहेबांनी स्वतःची पेन्सिल पुढे केली, ती चालेना. मद्रासच्या नटेसन यांच्या लहान मुलाने ती प्रेमाने दिली होती. ती हरवून कशी चालेल? ती सापडली तेव्हाच गांधीजी स्वस्थ झाले.

तीच गोष्ट कागदाची. आलेली पाकिटं ते उलगडून ठेवत आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत. २ जून १९४७ रोजी माउंटबॅटन फाळणीची योजना घेऊन त्यांच्याशी बोलायला बसले. तो सोमवार होता, म्हणजे गांधीजींच्या मौनाचा दिवस. त्यांनी उत्तरं लिहून दिली ती वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर. देशाचे दोन तुकडे होत होते आणि कागद मात्र वाया जात नव्हता. हाताच्या बाबतीतही तसंच. १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’ त्यांनी बोटीवर दहा दिवसांत लिहिलं. उजवा हात दुखायला लागला की डाव्या हाताने लिहायचे. सुमारे चाळीस पानं डाव्या हाताची आहेत. सही मागणाऱ्याकडून ते हरिजन निधीसाठी पाच रुपये घेत.

हा चिक्कूपणा होता का? आमच्या धंद्यातला माणूस तसं म्हणणार नाही. नोकरीला लागलो त्या वर्षीची गोष्ट. एका संध्याकाळी माझ्या रोकडीत अकरा रुपये कमी आले. मी खिशातून भरायला निघालो. आमचे हेड कॅशियर म्हणाले, “भरलेस की हिशेब जुळेल रे, पण चूक सापडणार नाही. हे पैसे तुझेही नाहीत आणि माझेही नाहीत.” रात्री साडेनऊला चूक सापडली. लोकांचा पैसा हाताळणाऱ्याला पैसुद्धा लहान नसते, हे त्या दिवशी कळलं. गांधीजींच्या हातून लाखोंचे निधी गेले. रोज रात्री शिल्लक काढायची लंडनमधली सवय सार्वजनिक पैसा सांभाळताना कामी आली, असं त्यांनीच लिहिलं आहे.

पण या जमाखर्चात एक नोंद अशी आहे, की तिथे माझं बोट थांबतं. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेतून निघताना लोकांनी दागिने भेट दिले. त्यांत कस्तुरबांसाठी पन्नास गिन्नींचा सोन्याचा हार होता. सेवेचं मोल घ्यायचं नाही, म्हणून गांधीजींनी सगळं विश्वस्त निधीत टाकायचं ठरवलं. कस्तुरबा भांडल्या. तुमच्या सेवेत माझे कष्ट नाहीत का, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न बिनतोड होता. तरी हार गेलाच. पुढे १९२९ मध्ये आश्रमात कुणी पाहुण्यांनी कस्तुरबांना चार रुपये दिले. ते त्यांनी कचेरीत जमा केले नाहीत. गांधीजींनी ही गोष्ट ‘नवजीवन’मध्ये लेख लिहून साऱ्या देशाला सांगितली. कस्तुरबा तेव्हा साठीच्या घरात होत्या.

हिशेबाच्या नियमाने गांधीजी चुकले नाहीत. आश्रमवासीयाने स्वतःचा पैसा ठेवायचा नाही, हा नियम सर्वांना सारखा होता, आणि बायकोला त्यातून सूट दिली असती तर तो नियम उरला नसता. पण तो नियम स्वीकारायचं त्यांनी स्वतः ठरवलं होतं, कस्तुरबांवर तो येऊन पडला होता. एकाच्या निश्चयाची किंमत दुसऱ्याने मोजली, हे कुठल्या वहीत लिहायचं?

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच, कस्तुरबा गेल्या. खेड्यांतल्या स्त्रिया आणि मुलांसाठी त्यांच्या नावाने देशाने पाऊण कोटीहून अधिक रुपये जमवले. चार रुपयांचा बोल ज्यांना लागला, त्यांच्या नावाने!

आमच्या घरी मोहरीच्या डब्यात पैसे असत. सौभाग्यवतींनी घरखर्चातून वाचवलेले. बँकेतली प्रत्येक नोट दोनदा मोजणाऱ्या मी त्या डब्याचं झाकण छत्तीस वर्षांत उघडलं नाही. नोटेवरच्या माणसाबद्दल मला अपार आदर आहे. पण घरातला तेवढा एक हिशेब न मागितल्याचा मला पश्चात्ताप होत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)