मखरावरील हिरवा किरण

गणेशोत्सवात मखरावर हिरवी लेसर-कांडी फिरविण्याचा छंद हल्ली मुलांना जडला आहे. मिरवणुकीतील मोठ्या झोतांना पुणे पोलिसांनी २०२४ साली मनाई केली. मुलाच्या खिशातील कांडीकडे मात्र घरच्या वडीलधाऱ्यांनीच पाहावयाचे.

सूर्याला नेत्रांची देवता मानणाऱ्या आम्हां लोकांसही मध्यान्हीच्या सूर्याकडे टक लावण्यास कोणी सांगितले नाही. येथे तर डोळ्याचे भिंगच वैरी होते. सरळ आलेला किरण ते दृष्टिपटलावर सुमारे लाख पटींनी एकवटते. एक मिलिवॅटपर्यंतच्या कांडीपासून पापणी पाव सेकंदात मिटून रक्षण करते. शेकडो मिलिवॅटच्या कांडीपुढे ती मिटण्यापूर्वीच दाह होऊन जातो. वेष्टनावरील आकड्यावर विसंबू नये, तो पुष्कळदा खोटा असतो. आणि दृष्टिपटलास वेदना कळत नाही, म्हणून मूल रडतही नाही!

हिरव्या कांडीत आणखी एक गोम आहे. तिचा ५३२ नॅनोमीटरचा प्रकाश बहुधा १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त किरणापासून घडवितात. स्वस्त कांडीत गाळणी नसली, तर तो अदृश्य किरणही बाहेर पडतो. जे दिसत नाही, त्यापुढे पापणी मिटावी कशी?

समईच्या गोल पितळेवर किरण विखुरतो. मखरातील सपाट आरसा त्याला जवळजवळ अखंड परत पाठवितो. उन्हाचा काळा चष्मा येथे कुचकामी. त्याच तरंगलांबीसाठी घडविलेला चष्माच हवा. इतकी सिद्धता ज्या घरी नाही, तेथे आम्ही कांडी मुलाच्या हाती देऊ नका असेच सांगतो. नजरेत डाग अथवा अंधुकपणा जाणवल्यास दुखण्याची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रवैद्याकडून दृष्टिपटल तपासून घ्यावे.