एका पेशीचा बचत गट

भाताची कापणी झाली की कर्जत-खालापूरकडे जमिनीतल्या ओलीवर वाल पेरतात. पोपटीच्या शेंगा, बिरड्याचे कडवे वाल, सगळं यातूनच. मैत्रिणींनो, वालाचं रोप अलगद उपटून बघा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्यांत रायझोबियम जातीचे जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र रोपाला देतात.

पण ना डोळे, ना नाक! एकाच पेशीच्या या जीवाला मातीत मूळ सापडतं कसं? त्याच्या अंगावर प्रथिनांचे संवेदक असतात. मुळातून पाझरणाऱ्या रसाचा माग ते काढतात.

ही यंत्रणा सर्वांत जास्त अभ्यासली गेली ती आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूत. त्याच्या टोकाला असे हजारो संवेदक दाटीने बसलेले असतात. एकाला कण लागला की शेजारचेही हलतात, म्हणून बारीकशी खूणही मोठी होते. शिवाय काही सेकंदांपूर्वीची चव पेशीच्या लक्षात असते. चव वाढली तर सरळ पोहायचं, घटली तर दिशा बदलायची. आपल्या बचत गटासारखंच! एकटीचं बँकेत कोण ऐकतं? दहाजणींचं ऐकावंच लागतं.

मात्र ही हुशारी जिवंत पेशीची. म्हणून रायझोबियमचं पाकीट मुदत बघून घ्या, उन्हात ठेवू नका. गुळाच्या गार पाण्यातून बियाण्याला हलकं चोळा, सावलीत सुकवा, लगेच पेरा. पुढे एखादी गाठ कापून बघा. आतून गुलाबी निघाली तर समजा, युरियाचे पैसे वाचले!