वेदनेचा शोध (भाग ६) : कंबर बरी, दुखणं कायम

गेल्या आठवड्यात आपण मज्जारज्जूपाशी थांबलो होतो. जखमेकडून संदेशांचा मारा होत राहिला की तिथल्या चेतापेशी हळव्या होतात आणि मग साधा स्पर्शही दुखू लागतो, हे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३मध्ये दाखवलं, तिथपर्यंत. आज आणखी वर, मेंदूत जायचं आहे. उदाहरण घेऊ कंबरदुखीचं, कारण घरटी एक तरी सापडते.

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्यांचं बोलणं ऐका. मांडीवर एमआरआयचं भलंमोठं पाकीट आणि तोंडी ठरलेली वाक्यं : ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकलीय’, ‘नस दबलीय’. फोटोत दिसलं म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असा आपला समज. पण २०१५मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० माणसांचे अहवाल एकत्र करून पाहिले. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या होत्या, पन्नाशीत हे प्रमाण ८० टक्के निघालं आणि ऐंशीत ९६. म्हणजे केस पिकावेत तशा चकत्या झिजतात. फोटोतली झीज आणि कमरेतली कळ यांचा संबंध असतो, पण आपण धरतो तितका सरळ नसतो. याच्या उलट, ज्यांच्या फोटोत काहीच सापडत नाही त्यांना घरात ऐकावं लागतं : ‘काही नाही झालेलं, मनाचे खेळ आहेत.’ तेही खोटंच.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वान्या आपकारियन यांनी कमरेचा नाद सोडून थेट डोक्याचे स्कॅन काढले. वर्षाहून अधिक काळ कंबर दुखणारी २६ माणसं आणि त्यांच्याच वयाची २६ निरोगी माणसं. निष्कर्ष २००४मध्ये छापून आले. दुखणाऱ्यांच्या मेंदूच्या बाह्यपटलातला करडा भाग ५ ते ११ टक्क्यांनी कमी भरला. वय वाढताना एवढी घट व्हायला एरवी दहा-वीस वर्षं लागतात. ही घट सरसकट नव्हती. कपाळामागच्या भागात, जिथे आपण मन एकाग्र करतो, निर्णय घेतो आणि नको ते विचार आवरतो, तिथे ती ठळक होती. जुनं दुखणं असलेली माणसं ‘लक्षच लागत नाही हो कशात’ म्हणतात, ते उगाच नाही.

इथवरची गोष्ट तुम्ही कदाचित वाचली असेल. ‘पाठदुखीने मेंदू आटतो’ हा मथळा फार चालतो. माझी तक्रार अशी की गोष्टीचा पुढचा अर्धा भाग कुणी पुढे पाठवत नाही आणि खरी मोलाची बात तिथेच आहे.

प्रश्न असा होता की मेंदू आधीच तसा होता म्हणून दुखणं रेंगाळलं, की दुखण्यामुळे मेंदू तसा झाला? जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या गटाने यासाठी खुब्याचे रुग्ण निवडले. निवड हुशारीची होती. खुब्याचा सांधा झिजला की वर्षानुवर्षं दुखतं, पण सांधा बदलला की बहुतेकांचं दुखणं जातं. म्हणजे ‘दुखत असताना’ आणि ‘दुखायचं थांबल्यावर’ असे एकाच माणसाचे दोन्ही मेंदू तपासता येतात. शस्त्रक्रियेआधी या रुग्णांमध्येही करडा भाग घटलेलाच होता. ऑपरेशननंतर दुखणं गेलेल्या दहाजणांचे स्कॅन पुन्हा काढले, तर काही महिन्यांतच जवळपास त्याच जागा पुन्हा भरत चालल्या होत्या. २००९चा हा अभ्यास लहान आहे, पण त्याने एक शंका मिटवली. पेशी मेल्या असत्या, तर त्या अशा परतल्या नसत्या. घट हा दुखण्याचा परिणाम होता आणि तो पुसला जाऊ शकत होता.

दोन वर्षांनी कॅनडात, माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाने कंबरदुखीतही तेच पाहिलं. उपचारांनंतर सहा महिन्यांनी चौदाजणांना पुन्हा तपासलं, तेव्हा कपाळामागचा डावा भाग आधीपेक्षा जाड झाला होता आणि ज्यांचं दुखणं जास्त कमी झालं, त्यांच्यात तो जास्त भरला होता.

मग काहींचं दुखणं जातं आणि काहींचं ठाण मांडून बसतं, असं का? याचा धागाही शिकागोतच सापडला. नुकतीच कंबर धरलेल्या माणसांवर आपकारियन यांच्या गटाने वर्षभर नजर ठेवली. निष्कर्ष २०१२मध्ये आले. ज्यांच्या कपाळामागचा एक भाग आणि मेंदूतलं ओढ-आवड ठरवणारं केंद्र यांच्यात सुरुवातीपासूनच घट्ट संधान होतं, त्यांचंच दुखणं बहुधा टिकून राहिलं. पुढे असंही दिसलं की दुखणं जुनं होत जातं, तसं त्याचं ठाणं मेंदूतल्या इजेची नोंद घेणाऱ्या भागांतून भावनांच्या भागांकडे सरकतं. कळ खरीच असते, पण तिची सूत्रं आता दुसरीकडून हलत असतात.

म्हणून तर अमेरिकेत बोल्डर इथे झालेल्या एका चाचणीत औषधाऐवजी समजुतीवर भर दिला होता. ‘हे दुखणं म्हणजे इजा नव्हे, मेंदूने वाजवत ठेवलेली धोक्याची घंटा आहे’ हे रुग्णांच्या गळी उतरवायचं आणि ज्या हालचालींची भीती वाटते त्या न घाबरता करून बघायच्या. चार आठवड्यांनंतर ६६ टक्के लोकांचं दुखणं गेलं किंवा नावापुरतं उरलं. प्लासिबो म्हणून नुसतं मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण २० टक्के होतं. आकडे भुलवणारे आहेत, म्हणून सांगतो : यातले बरेच रुग्ण शिकलेले होते आणि त्यांचं दुखणं मध्यम प्रतीचं होतं. आपल्याकडे दिवसभर ओझी उचलणाऱ्या हमालाला किंवा वाकून लावणी करणाऱ्या बाईला हे जसंच्या तसं लागू पडेल, असं मी म्हणणार नाही.

तीन महिने उलटूनही दुखत असेल, तर एवढं करा. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पायातली शक्ती जाणं, ताप किंवा कारणाशिवाय वजन घटणं, यातलं काही असेल तर एक दिवसही न थांबता डॉक्टर गाठा. नसेल, तर अंथरूण धरू नका, झेपेल तेवढं चाला. डॉक्टरांना एमआरआय दाखवाल तेव्हा झोप किती लागते, कशाची धास्ती वाटते, हेही न विचारता सांगा. आणि कंबरदुखीसाठी डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी लिहून दिली, तर रागावून फेकू नका. ती कशासाठी देतात, ते पुढच्या आठवड्यात पाहू.